गोव्यातून वन-मेक कार रेसिंगचा पूर्ण मोसम कसा खेळायचा

रेसिंग करायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची, असं विचारणारी मुलं-मुली गोव्यात कमी नाहीत. कुणी डिचोलीचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो, कुणी फोंड्याच्या गॅरेजमध्ये काम करतो, कुणी पर्वरीला आयटीत नोकरी करते. आपल्याकडे कायमचा रेस ट्रॅक नाही, घरात या खेळातलं कुणी नाही, आणि टीव्हीवर दिसतं ते फॉर्म्युला वन. त्यांना मी सांगतो की फॉर्म्युला वन बाजूला ठेवा आणि राष्ट्रीय पातळीवरच्या वन-मेक टूरिंग कार मालिकेचा एक अख्खा मोसम डोळ्यासमोर धरा. एखादी रेस पळून फोटो काढून परत येणं वेगळं, आणि चार-पाच फेऱ्यांचा (एक फेरी म्हणजे एका ट्रॅकवरचा एक रेस वीकेंड) मोसम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा करणं वेगळं. शिकायला मिळतं ते दुसऱ्यात.

वन-मेक म्हणजे काय

टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरून तयार केलेली रेस कार. आतल्या सीट, कार्पेट, एसी सगळं काढून टाकतात, पोलादी रोल केज बसवतात, इंजिन, सस्पेंशन आणि ब्रेक रेससाठी बदलतात. वन-मेकमध्ये ग्रिडवरच्या, म्हणजे रेस सुरू होताना रांगांत उभ्या असलेल्या, सगळ्या गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच ताकदीच्या, एकाच कंपनीच्या टायरवर धावतात. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. इंजिन आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सील ठोकलेलं असतं. ते तुटलं तर निकालातून बाद होण्याची वेळ येते. त्यामुळे कुणाच्या बापाने किती महाग इंजिन बांधून दिलं, हा प्रश्नच उरत नाही.

भारतात हा प्रकार रुजवण्यात फोक्सवॅगनच्या मालिकेचा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये डिझेल पोलो घेऊन पोलो कप सुरू झाला. २०१२ पासून १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १८० पीएसची (म्हणजे जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीची) पोलो आली. २०१५ मध्ये व्हेंटो, २०१७ मध्ये अमिओ आली, आणि अमिओचं १.८ लिटर इंजिन २०५ पीएस देत होतं. टोयोटानेही इटिऑस आणि लिव्हा घेऊन अशीच मालिका चालवली. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा ध्रुव मोहिते अमिओ कपमध्ये पुढच्या फळीत धावलेला ड्रायव्हर. कोल्हापूर पणजीपासून एका दिवसात जाऊन यावं इतकं जवळ आहे, हे मी मुद्दाम सांगतो. हा खेळ म्हणजे चेन्नई-कोइंबतूरच्याच लोकांचं काम, अशी आपल्याकडे समजूत आहे.

कंपन्या मालिका सुरू करतात, बंद करतात, गाडी बदलतात. यंदा कुठली मालिका कुठल्या गाडीवर चालू आहे, हे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या कॅलेंडरवर बघायचं. ही देशातल्या मोटरस्पोर्टची अधिकृत संघटना. तिच्या कॅलेंडरवर नाव नसेल, तर जाहिरात कितीही चकचकीत असो, पैसे भरू नका.

आधी रस्त्यावरचा वेग सोडा

हे मी कळकळीने लिहितो आहे. रात्री अकरानंतर महामार्गावर किंवा चोर्ला घाटात 'टायमिंग' लावणं ही रेसिंगची तयारी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत लावणं गुन्हा आहे, आणि गोव्यातल्या अपघातांच्या बातम्या आपण रोज सकाळी वाचतो. त्याशिवाय एक तांत्रिक कारणही आहे. रस्त्यावर तुम्ही टायरच्या मर्यादेपर्यंत कधी जातच नाही. गेलात तर पलीकडे झाड, भिंत किंवा स्कूटरवरचं कुटुंब असतं. ट्रॅकवरचं सगळं शिक्षण त्या मर्यादेच्या आसपास राहून होतं. त्यामुळे रस्त्यावर अंगात मुरते ती धिटाई. ब्रेक कुठे आणि कसा मारायचा, हे तिथे कळत नाही.

कार्टिंग

नुवेला आणि हडफड्याला गो-कार्टचे ट्रॅक आहेत. पर्यटक तिथे मजा म्हणून जातात, तुम्ही वही घेऊन जा. भाड्याची कार्ट मंद असते, टायर कडक असतात, पण रेषा तिच्यावरही शिकता येते. वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचं, आतल्या कडेला म्हणजे एपेक्सला स्पर्श करायचा आणि बाहेर पडताना गाडी पुन्हा पूर्ण रुंदीवर सोडायची.

पहिले काही महिने सर्वांत वेगवान लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका चकरेच्या, मागे लागू नका. सलग दहा लॅप घ्या आणि त्यांतल्या सर्वांत जलद आणि सर्वांत मंद लॅपमधला फरक लिहून ठेवा. तो अर्ध्या सेकंदाच्या आत आला की मग वेग वाढवायचा विचार. ज्याचे लॅप एकसारखे येतात, त्याला आपण काय बदललं आणि त्याने काय झालं हे कळतं. ज्याचा एक लॅप भन्नाट आणि पुढचा ढिला, त्याला काहीच कळत नाही.

इथला भाड्याचा ट्रॅक पाठ झाला की कोल्हापूरला जा. मोहिते कुटुंबाची रेसिंग अकादमी तिथे आहे आणि शिकवणारे मराठीत बोलतात, ही आपल्या मुलांसाठी लहान सोय नाही. घरी स्टीअरिंग आणि पेडल जोडून सिम्युलेटरवर सराव करता आला तर तोही करा. ट्रॅकची वळणं पाठ होण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. पण गाडी ढुंगणाखालून सरकते तेव्हा काय वाटतं, ते खुर्चीत बसून कळत नाही.

आधी मार्शल व्हा

हा सल्ला कमी जण मानतात, आणि जे मानतात ते झपाट्याने शिकतात. रेसच्या दिवशी प्रत्येक वळणावर झेंडे घेऊन, अग्निशामक घेऊन स्वयंसेवक उभे असतात. संयोजक क्लबना माणसं नेहमी हवी असतात. मी या खेळात मार्शल म्हणूनच शिरलो आणि अजूनही नव्या मुलांना तिथूनच पाठवतो. वळणापासून हाकेच्या अंतरावर दिवसभर उभं राहिलं की दिसतं, की पहिला येणारा ड्रायव्हर आणि बारावा येणारा ड्रायव्हर एकाच ठिकाणी ब्रेक मारतात. फरक ब्रेक सोडण्यात असतो. झेंडेही पाठ होतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. निळा म्हणजे तुम्हाला एक लॅप मागे टाकणारी वेगवान गाडी मागून येते आहे. काळा-पांढरा तिरपा म्हणजे बेशिस्तीची ताकीद. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे गाडीत बिघाड, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, या. नुसता काळा म्हणजे मुकाट्याने पिटमध्ये या. लाल म्हणजे सत्र थांबलं. पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक करून जागा गमावणारे नवखे प्रत्येक मोसमात दिसतात.

लायसन्स, कागद, हेल्मेट

सर्किट रेसिंगसाठी एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स लागतं. ते मिळवायला मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणीचा दाखला, रक्तगट आणि अठरा वर्षांखालील असल्यास पालकांची संमती द्यावी लागते. असे कोर्स चेन्नई आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर होतात. दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा नोकरीतली रजा आधीच मागून ठेवा.

अंगावरच्या सामानात काटकसर करू नका. हेल्मेट एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) किंवा स्नेल एसए (कार रेसिंगच्या हेल्मेटचं मानक) प्रमाणपत्राचं हवं. मोटरसायकलचं हेल्मेट कितीही भारी असलं तरी कार रेसिंगला चालत नाही, कारण त्यात आगीपासून बचावाची चाचणी झालेली नसते. मान सांभाळणारं हॅन्स उपकरण, आगरोधक सूट, आतले कपडे, बालाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायची आगरोधक टोपी), हातमोजे आणि बूट लागतात. सेकंडहँड सूट मिळतो, पण कॉलरवर एफआयएचं भरतकाम केलेलं लेबल शाबूत आहे का ते बघा. स्क्रुटिनिअर, म्हणजे गाडी आणि सामान तपासणारा अधिकारी, तेच बघतो. लेबल उसवलं असेल तर सूट बाद, मग तो कालच घेतलेला का असेना.

निवड आणि पैसा

बहुतेक मालिकांमध्ये अर्ज मागवतात, कार्टवर किंवा प्रत्यक्ष रेस कारमध्ये चाचणी घेतात आणि मोजक्यांना निवडतात. परीक्षक स्टॉपवॉचबरोबर इतरही गोष्टी बघतात. गिअर ओरबाडता का, सूचना दिल्यावर पुढच्या लॅपमध्ये बदल दिसतो का, गाडी घसरल्यावर डोकं शांत राहतं का. पहिल्याच लॅपमध्ये सगळं पणाला लावून गाडी खडीत घालणारा घरी जातो. मुली यात मुलांबरोबरच, त्याच ग्रिडवर धावतात; त्यांनी वेगळ्या वर्गाची वाट बघू नये.

निवड झाली की गाडी, मेकॅनिक आणि वाहतूक संयोजकांकडे असते. तुम्ही हेल्मेट घेऊन जायचं आणि चालवायचं. म्हणूनच गोव्यासारख्या ट्रॅक नसलेल्या राज्यातून हा मार्ग शक्य होतो. पण प्रवेश फीच्या पुढचं वाचा. करारात नुकसानीचं कलम असतं: गाडी ठोकली तर बंपर, रेडिएटर, सस्पेंशनचे भाग यांचा खर्च ड्रायव्हरच्या खात्यावर पडतो, आणि बहुधा आधी अनामत भरावी लागते. सरावाच्या जादा सत्रांचे, टायरच्या जादा सेटचे पैसे वेगळे. नेहमीच्या वाहन विम्यात रेसिंग बसत नाही, आणि वैयक्तिक अपघात विम्यातही अनेकदा साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसी घेऊन एजंटला समोर बसवून विचारा.

माझं मत असं की पूर्ण मोसमाची फी आणि त्यावर एका मोठ्या धडकेचा खर्च, इतकी सोय असल्याशिवाय उतरू नका. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पैसे संपून घरी बसलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची गुणवत्ता कमी नव्हती, हिशोब कच्चा होता. प्रायोजक शोधताना मुंबईच्या कंपन्यांना ईमेल पाठवत बसण्यापेक्षा आधी आपल्या गावात बघा. हॉटेलवाले, बांधकाम साहित्याचे दुकानदार, टायरवाले, वर्कशॉप. त्यांना आपलं नाव स्थानिक पेपरात दिसण्यात रस असतो. प्रत्येक फेरीनंतर त्याच रात्री चार ओळींची बातमी आणि एक स्वच्छ फोटो गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत यांच्या क्रीडा विभागाला पाठवायची सवय लावा. निकाल वाईट असला तरी पाठवा.

तीन ट्रॅक

राष्ट्रीय मोसम मुख्यतः तीन ठिकाणी फिरतो. कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, सुमारे २.१ किलोमीटरचा. फॉर्म्युला मारुती गाड्या घडवणारे एस. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांचं नाव या ट्रॅकला दिलेलं आहे. ट्रॅक आखूड, सपाट, ओव्हरटेकला जागा कमी. इथे क्वालिफाइंग, म्हणजे रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र, चुकलं की रेसभर कुणाच्या तरी बंपरमागे बसावं लागतं.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० पासूनचा, सुमारे ३.७ किलोमीटर लांब. त्याआधी तिथल्या रेस शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. सरळ पट्ट्यानंतरचं पहिलं उजवं वळण, ज्याला सगळे सी-वन म्हणतात, फार वेगात घ्यावं लागतं. तिथे धीर यायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. २०११ ते २०१३ इथे फॉर्म्युला वन झालं. मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. एकसारख्या ताकदीच्या गाड्यांमध्ये इथे पुढच्या गाडीच्या वाऱ्याच्या आडोशाने जवळ जायचं आणि ब्रेकिंगला बाहेर पडायचं, हाच डाव. पट्ट्याच्या सुरुवातीला पहिला असण्यापेक्षा कधीकधी दुसरा असणं बरं.

शुक्रवार ते रविवार

गुरुवारी संध्याकाळी पोचा. ट्रॅक पायी फिरा, सावकाश. कर्बची, म्हणजे वळणाच्या कडेच्या रंगीत पट्टीची, उंची हाताने बघा, डांबराचे जोड बघा, पाणी कुठे साचेल ते बघा.

शुक्रवारच्या सरावात एका वेळी एकच गोष्ट. सत्र संपल्यावर लगेच गाडीतल्या यंत्राने नोंदलेला डेटा बघायला बसा. वन-मेकची खरी मेजवानी हीच आहे: गाडी तीच, टायर तेच, त्यामुळे आपल्याहून जलद माणसाचा आलेख आपल्या आलेखावर ठेवून बघता येतो. ब्रेकच्या दाबाची रेष बघा. जाणत्याची रेष भिंतीसारखी उभी चढते, क्षणभर वर थांबते आणि मग वळणात शिरताना तिरकी, हळूहळू उतरत जाते. नवख्याची उलटी: चढताना तिरकी, कारण पाय घाबरत घाबरत दाबतो, आणि वळणाच्या तोंडाशी एकदम शून्य, कारण पाय झटक्याने सुटतो. झटक्याने सुटला की गाडीचं नाक वर येतं, पुढच्या टायरवरचा भार जातो आणि नेमकं वळायच्या वेळी गाडी सरळ धावते. या गाड्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह असतात. ओढणं, वळणं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्याच दोन टायरांना करावं लागतं. म्हणून ब्रेक सोडणं शिकायला मोसमातला जितका वेळ जाईल तितका सत्कारणी लागतो.

टायरची हवा मेकॅनिक बघेल, असं म्हणून सोडून देऊ नका. गाडी पिटमध्ये थांबताच, टायर गरम असतानाच चारही चाकांचा दाब त्याच्याबरोबर उभं राहून लिहून घ्या. थंड असताना भरलेली हवा काही लॅपमध्ये बरीच वाढते, आणि चारही टायरमध्ये सारखी वाढत नाही. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डाव्या बाजूचे टायर जास्त तापतात. पुढचा डावा टायर तुमच्या गाडीत इतरांपेक्षा फार चढत असेल, तर तुम्ही स्टीअरिंग गरजेपेक्षा जास्त वळवता आहात, असा त्याचा सरळ अर्थ असतो.

शनिवारी क्वालिफाइंग. नव्या टायरची सर्वांत चांगली पकड सुरुवातीच्या मोजक्या लॅपमध्येच असते, तेव्हा मोकळी जागा साधून त्या लॅपला भिडा. मग रेस. सुरुवातीला चाकं जागच्या जागी फिरू देऊ नका. पहिल्या वळणावर आतली जागा मोहात पाडते. तिथे दहा गाड्या एकदम घुसतात. पहिल्या मोसमात मी तरी बाहेरून, सगळं स्वच्छ दिसेल अशा रेषेने जा म्हणेन. रविवारच्या रेसला अनेक मालिकांत पहिल्या काही जणांचा क्रम उलटा लावून ग्रिड बनवतात. शनिवारचा आठवा रविवारी सर्वांत पुढे उभा राहू शकतो, म्हणून शनिवारी आठव्या जागेसाठीही जिवाच्या कराराने झुंजायचं.

रेस संपल्यावर गाडी पार्क फर्मेत, म्हणजे तपासणीच्या बंदिस्त जागी, जाते. तिथे कुणीही गाडीला हात लावायचा नाही, वडिलांनीही नाही. गाडीचं आणि ड्रायव्हरचं मिळून वजन होतं. धक्काबुक्कीची तक्रार झाली तर स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, कॅमेऱ्याचं चित्रण बघतात. बोलावलं तर जेवढं घडलं तेवढंच सांगा.

एसी नसलेल्या बंद गाडीत, जाड सूट घालून उकाड्यात बसायचं असतं. गोव्याच्या दमट हवेत दुपारी धावायची सवय असेल तर आपल्याला थोडा फायदाच होतो. पाणी आदल्या दिवसापासून पीत राहा.

गुणांचं गणित

समजा गुण १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे मिळतात आणि मोसमात आठ रेस आहेत. एकाने चार जिंकल्या आणि चारांत गाडी ठोकली: चाळीस गुण. दुसरा एकही जिंकला नाही, पण चारदा दुसरा आणि चारदा तिसरा आला: छप्पन्न. शिवाय पहिल्याची अनामत गेली आणि ठोकलेल्या गाडीच्या मागे त्याची सरावाची सत्रंही गेली. काही मालिकांत जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या रेसला जादा वजन ठेवतात, काहींत सर्वांत वाईट निकाल मोजत नाहीत. नियमावलीचं हे पान मोसमाआधी पाठ करा. पहिल्या वर्षी प्रत्येक रेस पुरी करणं, एवढंच उद्दिष्ट ठेवलं तरी तक्त्यात तुम्ही आपोआप वर सरकता.

चवथ आणि कॅलेंडर

मोसमाच्या फेऱ्या बहुतेक पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत असतात, म्हणजे एखादी फेरी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपास येण्याची शक्यता धरूनच चला. गोव्यात चवथीला घरी नसणं ही साधी गोष्ट नाही. तारखा जाहीर झाल्या की आईवडिलांशी तेव्हाच बोला, माटोळी बांधायच्या दिवशी नको. त्या दिवसांत आपल्याकडे येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्या, विमानं भरलेली असतात. दाबोळी आणि मोपा, दोन्हीकडचे दर बघून तिकीट आधी काढा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तेव्हा ओल्या ट्रॅकची तयारी हवी. ओल्यात कोरड्या दिवसाची रेष सोडावी लागते. त्या रेषेवर रबर घासून बसलेलं असतं आणि पाणी पडलं की तेच सर्वांत निसरडं होतं.

एफएमएससीआयचं लायसन्स वर्षापुरतं असतं. शेवटची फेरी झाली की डिसेंबरातच मोसमाची वही, सगळे डेटा आलेख आणि निकालांची पानं एकत्र करून फाइल बनवा, एक प्रत प्रायोजकांना द्या. जानेवारीत वैद्यकीय तपासणी करून लायसन्स नवं करा, हेल्मेट आणि सूटची मुदत बघा. नवीन मोसमाच्या निवडीची घोषणा कधीकधी अगदी थोड्या दिवसांची मुदत देऊन होते, आणि कागद तयार असलेल्यांचेच अर्ज तेव्हा वेळेत पोचतात.